मागे सरकण्याची कळ

माझ्या टाइपरायटरला उद्गारचिन्हाची कळ नव्हती.
ग्रिम्सबीच्या गोदीवर तेव्हा कुणाच्याच नव्हती.
हवंच असेल तर असं करायचं :
अक्षराच्या डोक्याशी लोंबणारा अपॉस्ट्रॉफी मारायचा,
एक घर मागे सरकायचं,
आणि त्याच्या पायाशी टिंब ठेवायचं.
आनंद झाला तर आधी
एक पाऊल मागे यावं लागे.

मिस्टर कटफोर्थना हे तीन ठोके वायफळ वाटत.
'एनिड,' ते म्हणत, 'आपण मासे विकतो,
आणि मासा ओरडत नाही.'
बर्फाची बिलं, कोळशाची बिलं, हॅडॉकच्या पेट्या,
सगळं टिंबावर येऊन थांबणारं.
घरी तरी काय वेगळं होतं?
वडील फार खूश झाले की ताट सारून म्हणत, 'वाईट नाही.'
आई त्या दोन शब्दांवर आठवडा काढायची.

छप्पन्न सालचा फेब्रुवारी.
आमची लॅपविंग आइसलंडच्या वर कुठेतरी गप्प झाली.
अकरा दिवस बिनतारी यंत्रातून ब्र नाही.
बायका दाराशी येत,
काचेवरचा कागद वाचत, कालचाच,
आणि डोक्याचे रुमाल आवळत फ्रीमन स्ट्रीटकडे वळत.

बाराव्या दिवशी सकाळी तार आली :
बोट शाबूत, फ्योर्डात आडोशाला आहे.
कटफोर्थ खिडकीकडे तोंड करून म्हणाले, लिही.
लॅपविंग सापडली. सर्व सुखरूप.
तारेत 'सर्व' नव्हतं. ते आम्ही घातलं.
आणि 'सुखरूप'पाशी माझी बोटं
आपोआप वर गेली, मागे सरकली, खाली आली.
त्यांनी पाहिलं. चष्मा काढून पुसत बसले,
पुसून झाल्यावरही.
मी कोट न घालताच बाहेर पळाले
कागद लावायला.

दुसरी तार साडेअकराला.
भटारखान्यातला पोरगा, सिरिल स्वेबी, वय सोळा,
डेकवरचा बर्फ फोडताना लाटेने नेला.
त्याला आठवडा झाला होता.
मी रुळात नवा कागद घालत होते
आणि काचेपलीकडे त्याची आई उभी होती,
हातात बटाट्यांची पिशवी,
माझं ते चिन्ह वाचून हसत.

कटफोर्थ बाहेर गेले. टोपी काढली.
ओ, म्हणाली ती.
तेवढंच, सपाट,
कुणी दुकान बंद असल्याचं सांगावं आणि आपण म्हणावं तसं.
शाळेत आम्हाला शिकवलं होतं,
हा इंग्रजीतला सगळ्यात छोटा उद्गार,
पुढे चिन्ह द्यायला विसरू नका.
काय द्यायचं त्यापुढे,
मला अजून ठरवता आलेलं नाही.
पिशवी तिने खाली ठेवली नाही.

आता नात, टॅमसिन, लीड्सहून फोनवर लिहिते :
बस मिळाली!!! आजी इथे गारा!!
मार्मालेड संपलं!!!!!
मी लिहिते : बरं.
लगेच विचारते, आजी, रागावलीस का??
या पोरींना टिंब टोचतं.
मी कसली रागावते!
(हे मोठ्याने म्हटलं, किटलीला.)

गेल्या मंगळवारी पहाटे तिचा निरोप आला :
मुलगी झाली
पुढे काहीच नाही. टिंबसुद्धा नाही.
दमली असेल.
मी चष्मा शोधला, दिवा लावला,
म्हटलं, आज हात आखडायचा नाही.
लिहिलं, छान,
मग अंगठ्याने सवयीप्रमाणे
अपॉस्ट्रॉफी, एक घर मागे, खाली टिंब,
आणि पाठवून दिलं.

या यंत्रात मागे सरकणारी कळ पुसून टाकते
हे मला ठाऊक आहे. चांगलं ठाऊक आहे.
लीड्सला पोचलं ते एवढंच :
छान.